संगणकनिर्मित कवळी : ‘टिकाऊ’ आणि ‘स्वच्छ’ या दोन विशेषणांची चिकित्सा

१. विषयप्रवेश

कृत्रिम दातांची कवळी संगणकाच्या साहाय्याने तयार करण्याची पद्धत आता प्रयोगावस्थेच्या पुढे गेली आहे. जपानमधील माएदा व त्यांचे सहकारी यांनी १९९४ साली या पद्धतीचा पहिला नमुना विद्वानांपुढे मांडला. त्यानंतर बराच काळ ती प्रयोगशाळेच्या आश्रयाने राहिली, आणि गेल्या दहा-बारा वर्षांत मात्र मोठ्या शहरांतील दंतवैद्यांच्या चिकित्सालयांत येऊन पोचली. तिच्याबरोबर शोधनिबंधांचाही एक ओघ आला. हे निबंध वाचीत असता दोन विशेषणे पुनःपुन्हा भेटतात. नवे द्रव्य जुन्यापेक्षा ‘टिकाऊ’ आहे की नाही, आणि ते जुन्यापेक्षा ‘स्वच्छ’ राहते की नाही, हे दोन प्रश्न बहुतेकांनी हाती घेतलेले दिसतात. या दोन विशेषणांच्या मागे कोणते मोजमाप उभे आहे आणि ते मोजमाप विशेषणाचा भार पेलते काय, एवढाच प्रश्न प्रस्तुत लेखात विचारावयाचा आहे.

भाषाशास्त्राच्या अध्यापकाने या क्षेत्रात का शिरावे, अशी शंका वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर दुहेरी आहे. पहिली गोष्ट अशी की आमच्या शास्त्रावर दंतवैद्यकाचे जुने ऋण आहे. बोलताना जिभेचा स्पर्श टाळूला नेमका कोठे होतो हे प्रत्यक्ष उमटवून पाहण्याची रीत लंडनचे दंतवैद्य ओकली कोल्स यांनी १८७१ साली वापरली, आणि पुढे न्यूयॉर्कचे दंतवैद्य नॉर्मन किंग्जली यांनी त्यासाठी कृत्रिम टाळूचा उपयोग केला. आज उच्चारणशास्त्राचा विद्यार्थी जी टाळूचित्रे अभ्यासतो, त्यांचा उगम दाताच्या दवाखान्यात आहे.

दुसरी गोष्ट अधिक व्यक्तिगत आहे. दक्षिण कोकणातील बोलीचे ध्वनिमुद्रण करीत असताना एका निवृत्त शिक्षकांचा निवेदक म्हणून प्रस्तुत लेखकाला फार उपयोग झाला. त्यांचे वय त्या वेळी ७८ होते. पहिल्या ध्वनिमुद्रणानंतर त्यांनी शहरात जाऊन नवी, संगणकावर रेखून यंत्राने छापलेली कवळी बसवून घेतली. पुढील खेपेस त्यांचे ‘च’ आणि ‘ज’ ऐकताना वारंवार ध्वनिमुद्रण थांबवावे लागले. तिसऱ्या खेपेस कवळी मधोमध तडकली होती आणि गुरुजी ती खिशात ठेवून, बोळक्या तोंडाने, पण हसतमुखाने बोलत होते. “ही मोडणार नाही असं सांगितलं होतं हो,” एवढेच ते म्हणाले. सांगणाऱ्याने खोटे सांगितले असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही. त्याने एका तक्त्यातील आकडा विशेषणात बदलून सांगितला असावा. हा बदल कसा घडतो ते पाहणे हे भाषेच्या अभ्यासकाचे काम आहे.

२. द्रव्याची पूर्वपीठिका

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कवळीचा पाया कठीण केलेल्या रबराचा, म्हणजे व्हल्कनाइटचा असे. गुडइयर डेंटल व्हल्कनाइट कंपनीने त्याच्या एकस्वाचा कर दंतवैद्यांकडून इतक्या सक्तीने वसूल केला की १८७९ साली कंपनीचे अधिकारी जोसाया बेकन यांचा सॅन फ्रान्सिस्को येथे सॅम्युअल शाल्फंट या दंतवैद्याच्या हातून खून झाला. द्रव्याची मालकी आणि द्रव्याचे गुण यांची गुंतागुंत या व्यवसायात नवी नाही, हे यावरून ध्यानी येईल.

१९३६-३७ च्या सुमारास पॉलिमिथाइल मेथॅक्रिलेट हे ॲक्रिलिक वर्गातील द्रव्य पुढे आले आणि त्याने व्हल्कनाइटला हटविले. रंग हिरडीसारखा, वजन कमी आणि दुरुस्ती सोपी, असे त्याचे तीन मोठे गुण होत. त्याची भुकटी व द्रव कालवून कणीक करावयाची, ती साच्यात दाबावयाची व उष्णतेने पक्की करावयाची, ही रीत आजही सर्वत्र चालू आहे. तिचे दोषही ठाऊक आहेत. केवळ द्रव रूपातील मेथॅक्रिलेट पक्के होताना आकारमानाने सुमारे २१ टक्के आकसते. भुकटी मिसळल्यामुळे कणकेचे आकसणे सुमारे ७ टक्क्यांवर येते. आणि शिजविण्यात घाई झाली तर आत सूक्ष्म छिद्रे राहतात व न जुळलेला द्रवांशही मागे उरतो.

३. ‘संगणकनिर्मित’ या संज्ञेचा दोष

पुष्कळ निबंधांच्या शीर्षकात एका बाजूस ‘पारंपरिक’ व दुसऱ्या बाजूस ‘डिजिटल’ अशी जोडी मांडलेली असते. ही मांडणीच आमच्या मते पहिली चूक होय, कारण ‘डिजिटल’ हे कृतीचे नाव असून द्रव्याविषयी ते काहीही सांगत नाही. त्या एका नावाखाली दोन अगदी भिन्न गोष्टी एकत्र येतात.

पहिली कोरीव कवळी. कारखान्यात जास्त दाबाखाली व उष्णतेत आधीच पक्क्या केलेल्या ॲक्रिलिकच्या जाड चकतीतून यंत्र ती कोरून काढते. आकसणे जे व्हावयाचे ते चकती घडतानाच होऊन गेलेले असते. उरलेला द्रवांश अल्प असतो. छिद्रे कमी असतात. द्रव्य मात्र मुळात तेच, पॉलिमिथाइल मेथॅक्रिलेट. रसायनाच्या दृष्टीने पाहू गेल्यास कोरीव कवळी ही पारंपरिक कवळीची सख्खी बहीण ठरते.

दुसरी थरमुद्रित कवळी. द्रवरूप राळेवर जांभळ्या किंवा अतिनील प्रकाशाचा झोत टाकून एकावर एक थर पक्के करीत ती उभी केली जाते. एकेक थर सामान्यतः ५० ते १०० मायक्रोमीटर जाडीचा असतो. चार्ल्स हल यांना ज्या थररचनेसाठी १९८६ साली एकस्व मिळाले, तिचीच ही पुढची पिढी होय. छापून झाल्यावर कवळी अल्कोहोलने धुवावी लागते आणि पुन्हा प्रकाशाच्या पेटीत ठेवून पक्की करावी लागते. येथील राळ वेगळ्या घडणीची असते, तिच्यातील रेणूंची जोडणी निराळी असते, आणि अंतिम गुण हा यंत्र, राळ, थरांची दिशा, धुण्याचा वेळ व पेटीतील काळ या पाचांवर अवलंबून राहतो.

आता या दोहोंचे आकडे एका रकान्यात घालून ‘डिजिटल कवळी पारंपरिक कवळीपेक्षा मजबूत आहे’ किंवा ‘नाही’ असे विधान करणे म्हणजे देशी व विलायती यंत्रांवर विणलेले सूत आणि रेशीम एकत्र मोजून ‘यंत्रावरचे कापड टिकते काय’ असे विचारण्यासारखे आहे. उपलब्ध प्रयोगांचा सर्वसाधारण कल असा आहे की वाकविण्याच्या परीक्षेत कोरीव द्रव्य बहुधा सर्वांत वर राहते, आणि थरमुद्रित द्रव्य पुष्कळदा शिजविलेल्या ॲक्रिलिकच्याही खाली येते. मात्र राळ व प्रक्रिया यांनुसार त्यात बराच फरक पडतो. हा निष्कर्ष ज्या क्षणी ‘डिजिटल’ या एका शब्दात कोंबला जातो, त्या क्षणी कोरीव द्रव्याची कीर्ती छापील द्रव्याच्या पदरात पडते. आमच्या गुरुजींना मिळालेले आश्वासन बहुधा याच वाटेने आले असावे.

४. ‘टिकाऊ’ म्हणजे काय?

टिकाऊपणाचे नेहमीचे माप म्हणजे वाकवून मोडण्याची परीक्षा. कवळीच्या द्रव्यासाठी असलेल्या २०७९५-१ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार ६४ मिलिमीटर लांब, १० रुंद व ३.३ जाड अशी पट्टी सुमारे ५० तास ३७ अंशांच्या पाण्यात ठेवून, दोन टोकांवर आधार देऊन मध्यभागी दाबतात. पट्टीने किमान ६५ मेगापास्कल ताण सोसला की द्रव्य उत्तीर्ण. या परीक्षेचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. सर्व देशांतील प्रयोगांना एक समान मोजपट्टी मिळते, ही तिची मोठीच सोय आहे.

परंतु एकदाच दाबून मोडलेली पट्टी आपणास एकदाच दाबल्यावर काय होते तेवढेच सांगते. वरची कवळी तोंडात मोडते ती पुष्कळदा मधल्या रेषेत, आणि ती एका घासाने मोडत नाही. हिरडीचे हाड बाजूंनी झिजते, टाळूचा मधला भाग तसाच राहतो, कवळी त्या उंचवट्यावर तराजूसारखी डुलते, आणि प्रत्येक घासागणिक थोडीथोडी वाकत हजारो वेळा वाकल्यावर तडा जातो. याला द्रव्याचा थकवा म्हणावे. दुसरे मोडणे मोरीवर किंवा फरशीवर पडून होते. तो आघात होय. तिसरी तक्रार दात निखळण्याची. संगणकनिर्मित कवळीत दात व पाया हे पुष्कळदा वेगवेगळे करून चिकटवितात, तेव्हा पाया शाबूत राहूनही दात हातात येतो.

मराठीत या भेदांना शब्द नाहीत असे नाही. काचेची बांगडी कठीण असते पण ठिसूळ असते. वेताची काठी मऊ वाटली तरी चिवट असते. जाड भाकरीचा तवा ताठर असतो आणि पडला तर तडकतो. काठिण्य, ताठरपणा, चिवटपणा, भंगबल व थकवा हे पाच गुण आपली बोलभाषा वेगवेगळे ओळखते. शोधनिबंधांतील तक्त्यांतही ते वेगवेगळे असतात. निष्कर्षाच्या परिच्छेदात मात्र त्यांचा एकच ‘टिकाऊ’ होतो. अशा वेळी कोणत्या गुणाच्या जोरावर हे विशेषण लावले, असे विद्यार्थ्याने विचारावयास हवे.

वय वाढविण्याच्या प्रयोगातही एक भाषिक मौज आहे. नमुना ५ अंश व ५५ अंश अशा थंड-गरम पाण्यात आळीपाळीने बुडवितात आणि अशा १०,००० फेऱ्या म्हणजे तोंडातील एक वर्ष असे धरतात. या आकड्याचा आधार म्हणून गेल व डार्वेल यांचा १९९९ चा समीक्षालेख दिला जातो. मूळ लेखात तो तात्पुरता अंदाज म्हणून सुचविलेला आहे, आणि पुरेसा पुरावा नसल्याची जाणीव तेथे स्पष्ट आहे. पुढच्या लेखकाने ‘सुचविले आहे’ असे लिहिले, त्याच्या पुढच्याने ‘दाखविले आहे’ असे लिहिले, आणि त्यापुढच्याने नुसताच आकडा दिला. क्रियापद बदलत गेले, पुरावा मात्र होता तेथेच राहिला. ‘असावे’ चे ‘आहे’ होण्यास दोन-तीन अवतरणे पुरतात. भाषेत अर्थ असाच सरकतो हे आम्ही वर्गात शिकवितो. शास्त्रात तो सरकू नये अशी अपेक्षा असते.

टिकण्याचा आणखी एक अर्थ तर या चर्चेत येतच नाही. तो म्हणजे दुरुस्त होणे. तालुक्याच्या गावी तडकलेली ॲक्रिलिकची कवळी एका दिवसात सांधून मिळते, कारण दुरुस्तीचे द्रव्य जुन्या पायात मुरते व त्याच्याशी एकजीव होते. थरमुद्रित राळेत रेणूंची आडवी गुंफण दाट असते. तेथे दुरुस्तीचे द्रव्य तितक्याच सहजपणे मुरेल असे गृहीत धरता येत नाही. याउलट संगणकाच्या बाजूने एक मोठी गोष्ट सांगितली पाहिजे. कवळी मोडली तरी तिचा आराखडा मोडत नाही. तो जपून ठेवलेला असेल तर दुसरी कवळी तशीच काढता येते. उच्चार विरतो पण शब्द राहतो, तसे हे आहे. तेव्हा टिकते ती वस्तू की तिचे रूप, हे स्पष्ट म्हणावे. रूप टिकल्याचा लाभ मात्र शहरातल्या यंत्राजवळ राहणाऱ्यासच तत्काळ मिळतो. शिवाय तोंड स्वतः बदलत राहते. टालग्रेन यांनी १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या, २५ वर्षांचा काळ व्यापणाऱ्या अभ्यासात खालच्या जबड्याच्या पुढील भागाची झीज वरच्याच्या सुमारे चौपट आढळली. पाच-सात वर्षांपूर्वीचा आराखडा हुबेहूब छापला, तरी ज्या हिरडीसाठी तो काढला ती हिरडी तोवर राहिलेली नसते.

५. ‘स्वच्छ’ हे विशेषण कोणाचे?

स्वच्छतेच्या निबंधांत मुख्यतः तीन गोष्टी मोजतात : पृष्ठभागाचा खडबडीतपणा, पाण्याविषयीची ओढ, आणि कॅन्डिडा अल्बिकन्स या बुरशीचे चिकटणे. ही बुरशी पुष्कळांच्या तोंडात निरुपद्रवीपणे नांदते; कवळीखालच्या टाळूवर ती माजली म्हणजे लाली व दाह उत्पन्न होतो. न्यूटन यांनी १९६२ साली या दाहाचे जे तीन प्रकार वर्णिले, ते आजही वापरात आहेत.

खडबडीतपणाच्या बाबतीत ०.२ मायक्रोमीटर ही मर्यादा सर्वत्र उद्धृत होते. बोलेन, लाम्ब्रेख्ट्स व क्विरिनेन यांच्या १९९७ च्या समीक्षालेखात ती आहे. त्याहून अधिक गुळगुळीत केल्याने जीवाणूंचे साचणे आणखी घटत नाही, असा तिचा आशय. परंतु हा आशय जीवाणूंच्या संबंधात आहे आणि त्यामागील महत्त्वाची निरीक्षणे दंतरोपणाच्या धातूवरील आहेत. जीवाणू साधारण एक मायक्रोमीटर आकाराचा, तर बुरशीची पेशी त्याच्या कित्येक पट मोठी. धातूवरील जीवाणूंसाठी आखलेली रेषा राळेवरील बुरशीलाही लागू आहे, असे म्हणावयास स्वतंत्र आधार हवा. तो आधार न देता ‘मर्यादेच्या आत’ व ‘मर्यादेबाहेर’ असा निवाडा केला जातो.

याहून मोठा प्रश्न नमुन्याचा आहे. प्रयोगासाठी घेतलेली चकती बहुतेक वेळा घासून चकाकी दिलेली असते. कवळीची बाहेरची बाजू अशी चकचकीत असते हे खरे. परंतु हिरडीला व टाळूला टेकणारी आतली बाजू घासता येत नाही, कारण घासली की ती बसत नाही. तेथे कोरीव कवळीवर यंत्राच्या हत्याराच्या रेघा असतात व थरमुद्रित कवळीवर थरांच्या बारीक पायऱ्या असतात. दाह होतो तो नेमका याच बाजूखाली. म्हणजे ज्या पृष्ठभागावर प्रश्न आहे तो पृष्ठभाग मोजला जात नाही, आणि जो मोजला जातो तेथे प्रश्न सौम्य आहे. काही संशोधकांनी न घासलेले नमुने घेतले आहेत. त्यांचे निबंध विद्यार्थ्यांनी आवर्जून वाचावेत.

बुरशी चिकटण्याच्या प्रयोगांत चिकटण्यास ९० मिनिटे व वाढीस एक-दोन दिवस, असा काळ सामान्यतः दिलेला असतो. तोंडात मात्र लाळेचा थर आधी बसतो, त्यावर नाना जातींचे जीवाणू बसतात, आणि बुरशी त्यांच्या संगतीने नांदते. या प्रयोगांचे निकाल परस्परविरोधी आहेत यात नवल नाही. कोठे थरमुद्रित द्रव्यावर बुरशी अधिक आढळली, कोठे फरक आढळला नाही. चांदीचे सूक्ष्म कण किंवा टिटॅनियम डायऑक्साइड राळेत मिसळून बुरशीला प्रतिबंध करण्याचे प्रयोगही चालू आहेत. त्यांत यश दिसते ते बहुतांशी काचपात्रात, आणि मिसळलेले कण वर्षानुवर्षे तेथेच राहतील काय हा प्रश्न उरतो.

येथे व्याकरणाचा एक मुद्दा मांडणे अवश्य आहे. ‘कवळी स्वच्छ आहे’ हे वाक्य कवळीचा गुण सांगते असे वाटते. वस्तुतः त्यात कोणीतरी ती स्वच्छ केली आहे अशी लपलेली क्रिया आहे. स्वच्छता हा द्रव्य, तोंड व हात या तिघांमधील संबंध आहे. ‘हे द्रव्य स्वच्छ राहते’ असे म्हटले की हात वाक्यातून नाहीसा होतो, आणि वाक्यातून नाहीसा झालेला हात व्यवहारातूनही नाहीसा होण्याचा धोका असतो. जपानमध्ये ८५ वर्षे व त्यावरील ५२४ वृद्धांचा जो अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला, त्यात झोपताना कवळी तोंडात ठेवणाऱ्यांना न्यूमोनियाचा धोका सुमारे दुप्पट आढळला. कवळी कोणत्या द्रव्याची यापेक्षा ती रात्री कोठे असते, हा प्रश्न तेथे जिवाशी निगडित ठरला.

अमेरिकन कॉलेज ऑफ प्रोस्थोडॉन्टिस्ट्स या संस्थेच्या पुढाकाराने २०११ साली जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली, ती या दृष्टीने वाचनीय आहेत. रोज कवळी भिजवून व खरखरीत नसलेल्या प्रक्षालकाने घासून धुवावी. उकळत्या पाण्यात कधीही टाकू नये. सोडियम हायपोक्लोराइटमध्ये दहा मिनिटांहून अधिक ठेवू नये. काढल्यावर पाण्यात ठेवावी. चोवीस तास सतत वापरू नये. या पाचही सूचनांत क्रियापदे आहेत, आणि प्रत्येक क्रियापदाला एक कर्ता आहे. आपल्याकडे त्या कर्त्याच्या हाती अजून अनेक ठिकाणी राखुंडी किंवा जाडेभरडे दंतमंजन असते. त्याने घासलेल्या कवळीवर पडणारे चरे कोणत्या प्रयोगात मोजले जातात? कॉफी व तांबड्या मद्याचे डाग मोजले जातात. हळद, कात-सुपारी व मिश्री यांचे डाग मोजावयाचे तर ते काम आपल्याच विद्यापीठांना करावे लागेल.

६. न मोजलेला गुण : वाणी

आता आमच्या शास्त्राच्या खास अधिकारातील मुद्दा. वाकविण्याच्या बाबतीत पट्टीचे भारसामर्थ्य जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दीड मिलिमीटरची पट्टी दोन मिलिमीटरची केली, तर ती पाऊण पटीहून थोडा अधिक जादा भार सोसते. साहजिकच दुर्बल द्रव्याला जाडीचा आधार देण्याचा मोह होतो, आणि संगणकावर हा बदल एका टिचकीचा असतो. परंतु ते अर्धे मिलिमीटर जिभेच्या वाट्यातून घेतलेले असते.

मराठीत हे अर्धे मिलिमीटर कोठे खर्च होते ते पाहा. तवर्ग, ल व स हे दातांशी व दातांच्या मुळाशी उच्चारले जातात. त्याखेरीज मराठीत च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार आहेत. ‘चार’ ही संख्या तालव्य चकाराने उच्चारतात, तर ‘गाईला चार’ यातील चकार दंतमूलाशी होतो. ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा. ‘जरा’ म्हणजे वार्धक्य आणि ‘जरा’ म्हणजे थोडेसे. लिपी हा भेद दाखवीत नाही. तो केवळ जिभेच्या टोकावर जगतो. दंतमूलीय उच्चारात जीभ वरच्या दातांच्या लगत मागे टेकते व तेथून वारा निसटतो. कवळीचा पाया नेमका त्या जागेवर पसरलेला असतो. तो जाड झाला, किंवा पुढचे दात किंचित आत बसले, की एक उच्चार दुसऱ्याकडे सरकतो. गुरुजींच्या बोलण्यात ‘जरा थांबा’ मधील ‘जरा’ वार्धक्याचा होऊन ऐकू येत होता, यात काव्य काही नव्हते. जाडीचे गणित होते. बहुतेक माणसे काही आठवड्यांत नव्या कवळीशी जुळवून घेतात हे खरे; परंतु जुळवून घेणे म्हणजे पूर्वीचा भेद परत मिळणेच, असे नव्हे.

दंतवैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत कवळी तपासताना रुग्णाला ‘सिक्स्टी-सिक्स’ किंवा ‘मिसिसिपी’ म्हणावयास सांगण्याची प्रथा आहे. इंग्रजीतील सकार पारखण्यास ती ठीक आहे. मराठी रुग्णाला साठ ते सत्तर मोजावयास लावले तर सकार भरपूर मिळेल, पण वर सांगितलेल्या जोड्या मिळणार नाहीत. त्या जोड्यांची दहा-पंधरा शब्दांची एक यादी करून, जुन्या व नव्या कवळीसह तिचे ध्वनिमुद्रण करून, पायाची जाडी व उच्चारभेद यांचा संबंध पाहणे हे पदव्युत्तर प्रबंधिकेच्या आवाक्यातील काम आहे. दंतवैद्यक महाविद्यालय व भाषाविभाग यांनी मिळून ते करावे, अशी आमची सूचना आहे.

७. समारोप

या विवेचनाचा रोख नव्या पद्धतीच्या विरुद्ध नाही. दुर्बल वृद्धाचे दंतवैद्याकडील हेलपाटे वाचविणारी, साच्याचे आकसणे टाळणारी आणि आराखडा जपून ठेवणारी पद्धत स्वागतार्हच आहे. प्रयोगशाळेतील पट्ट्या व चकत्याही अवश्य हव्यात. एका वेळी एकच गुण मोजल्यावाचून शास्त्राचे पाऊल पुढे पडत नाही. आक्षेप आहे तो तक्त्यापासून निष्कर्षापर्यंतच्या प्रवासात शब्दांना मिळणाऱ्या मोकळिकीविषयी. कृतीचे नाव द्रव्याला लावू नये. पाच गुणांना एक विशेषण देऊ नये. अंदाजाचे क्रियापद परस्पर बदलू नये. आणि कर्त्याला वाक्यातून गाळू नये. ‘वैद्यकीयदृष्ट्या ग्राह्य’ असा शेरा जेथे दिसेल तेथे ‘कोणाला ग्राह्य?’ असे विचारावे.

घरोघरी कवळीविषयी जी क्रियापदे वापरतात ती या संदर्भात लक्षात घेण्याजोगी आहेत. कवळी बसते, हलते, टोचते, तडकते, तिला वास येतो. या प्रत्येक क्रियापदामागे एक परीक्षा दडलेली आहे, आणि यांतील ‘बसते’ हे सर्वांत व्यापक आहे : हिरडीवर बसणे, घासाखाली बसणे आणि जिभेच्या अंगवळणी बसणे, हे सारे त्यात येते. संशोधकाने आपले तक्ते या क्रियापदांसमोर ठेवून पाहिले, तर कोणती परीक्षा झाली व कोणती राहिली हे त्याला चटकन उमगेल.

गुरुजींनी पुढे गावातल्याच कारागिराकडून साधी ॲक्रिलिकची कवळी करून घेतली. तीही कधीतरी तडकेल. परंतु चौथ्या ध्वनिमुद्रणात त्यांनी शब्दांची यादी वाचली, तेव्हा ‘जग’ आणि ‘जग’ हे दोन शब्द पुन्हा वेगळे ऐकू आले.